एक चेंडू आणि बावीस स्टिक

संध्याकाळच्या वेळी वास्कोतील एखाद्या चहाच्या दुकानात घटकाभर बसले, तर फुटबॉलच्या जोडीने हल्ली हॉकीचाही विषय कानी पडतो. मुरगाव तालुक्यात हे एक नवलच म्हणावे लागेल. टोकियो येथे 5 ऑगस्ट 2021 रोजी भारताने जर्मनीला 5-4 असे नमवून एकेचाळीस वर्षांनंतर ऑलिंपिक पदक मिळवले आणि 8 ऑगस्ट 2024 रोजी पॅरिसमध्ये स्पेनवर 2-1 असा विजय मिळवून पुन्हा कांस्यपदक पटकावले. तेव्हापासून या खेळाचा रसिकवर्ग वाढला आहे. 1975 साली क्वालालंपूरच्या विश्वचषक अंतिम सामन्यात भारताने पाकिस्तानला 2-1 असे हरवले, तेव्हा लोक जसदेव सिंग यांच्या धावत्या वर्णनासाठी रेडिओभोवती जमत. आजचा तरुण भ्रमणध्वनीवर पॉडकास्ट ऐकतो. तेथे नामवंत खेळाडू पाहुणे म्हणून येतात, तासतासभर बोलतात आणि दुसऱ्या दिवशी मित्रमंडळीत त्यांच्या शब्दांचा कीस पाडला जातो. हे चांगलेच आहे. खेळाडूचे अनुभव खुद्द त्याच्याच तोंडून ऐकायला मिळावेत, ही सोय आमच्या पिढीला नव्हती.

या चर्चेत सर्वांत रंगणारा विषय कोणता, तर स्टिकचा! कोणाच्या स्टिकमध्ये कार्बन किती, तिचा बाक किती खाली आहे, कोणत्या कंपनीची स्टिक घेतली की ड्रॅग-फ्लिक जोरात जाते, यांवर हमरीतुमरीचे वाद होतात. विषय क्षुल्लक नाही. एके काळी सारे जग तुतीच्या लाकडाच्या स्टिकने खेळत असे. फाळणीनंतर सियालकोटचे कितीतरी कारागीर जालंधरला आले आणि त्यांच्या हातांनी तो धंदा तेथे वाढवला. 1976 साली माँट्रियलच्या ऑलिंपिकमध्ये प्रथमच कृत्रिम हिरवळीवर सामने झाले आणि भारत सातव्या क्रमांकावर फेकला गेला. मैदान बदलले तसे पुढे साधनही बदलले. लाकडाची जागा कार्बन व काचतंतूंच्या मिश्रणाने घेतली. नियमांनुसार स्टिकचे वजन 737 ग्रॅमपेक्षा आणि बाक 25 मिलिमीटरपेक्षा अधिक असता कामा नये. ती धातूची नसावी, बाकी कशाचीही चालते. म्हणजेच लाकडी स्टिक आजही नियमबाह्य नाही. हे शेवटचे वाक्य आम्ही मुद्दाम लिहीत आहोत, त्याचे कारण पुढे येईल.

आमचा प्रश्न एवढाच आहे की, ज्या तालुक्यात स्टिकवर इतकी चर्चा होते, त्या तालुक्यातील किती मुलांच्या हाती स्टिक आहे? फुटबॉल येथे का रुजला, याचा विचार केला तर उत्तर सापडते. बावीस मुलांना एक चेंडू पुरतो. तोही फाटका असला तरी चालतो. त्या एका चेंडूच्या जोरावर गावोगावची शेते पीक निघताच मैदाने झाली आणि वास्कोच्या टिळक मैदानापर्यंत जाणारी वाट त्यांतून निघाली. हॉकीला मात्र एक चेंडू आणि बावीस स्टिक लागतात. शिवाय दोन्ही गोलरक्षकांचा साज वेगळा. उंची कार्बन स्टिकची किंमत पंधरा-वीस हजारांच्या घरात जाते. बंदरावर मजुरी करणाऱ्या किंवा होडीवर जाणाऱ्या बापाने ती कोठून आणावी?

येथे कोणी धनराज पिल्ले यांचे उदाहरण देईल. खडकीच्या दारूगोळा कारखान्याच्या वसाहतीत हा मुलगा तुटक्या स्टिक व टाकून दिलेले चेंडू घेऊन वाढला आणि चार ऑलिंपिक खेळला, हे खरेच आहे. परंतु त्यावरून गरिबीतच गुण फुलतात असा निष्कर्ष काढणे म्हणजे आपली जबाबदारी झटकणे होय. तुटक्या स्टिकने जो पुढे गेला त्याचे नाव आपल्याला ठाऊक असते. तुटक्या स्टिकमुळे जे मागे राहिले त्यांची गणती कोणी ठेवत नाही.

हा खेळ गोमंतकीयांना परका आहे, असाही आक्षेप घेतला जातो. तो इतिहासाला धरून नाही. 12 ऑगस्ट 1948 रोजी लंडनमध्ये स्वतंत्र भारताने ब्रिटनला 4-0 असे हरवून सुवर्णपदक जिंकले. त्या संघात लिओ पिंटो, वॉल्टर डिसोझा, लॉरी फर्नांडिस, मॅक्सी वाझ असे गोमंतकीय वंशाचे खेळाडू होते. डॉ. लोहियांनी मडगावात सत्याग्रहाची ठिणगी टाकून तेव्हा दोनच वर्षे झाली होती आणि गोवा मुक्त व्हायला तेरा वर्षे उरली होती. मायभूमी परक्या सत्तेखाली असताना त्या भूमीचे पुत्र तिरंग्यासाठी खेळत होते! केनियाचा संघ 1964 साली टोकियोत सहावा आला, त्यातही हिलरी फर्नांडिस, आलू मेंडोन्सा यांच्यासारखे गोमंतकीय चमकले. मुंबईला व नैरोबीला गेलेला गोमंतकीय हॉकी खेळला, घरी राहिलेला खेळला नाही. दोघांचे रक्त एकच. फरक होता तो संस्थांचा. तेथे जिमखाने होते, क्लब होते, सामायिक साहित्य होते.

म्हणूनच आमची सूचना साधी आहे. ग्रंथालयातून जसे पुस्तक मिळते, तशी विद्यालयातून स्टिक मिळावी. मुरगाव तालुक्यातील चार-पाच विद्यालयांनी मिळून प्रत्येकी पंचवीस स्टिकचा संच ठेवावा. नवशिक्याला कार्बनची गरज नाही. हजार-दीड हजारांची लाकडी स्टिक पुरते आणि ती नियमातही बसते. पंचवीस स्टिकचा खर्च दोन उंची स्टिकच्या किमतीत भागतो. मुरगाव बंदर प्राधिकरण, दाबोळीचा नौदल तळ आणि तालुक्यातील उद्योग यांना हा भार जड नाही. क्रीडा खात्याने एक प्रशिक्षक आठवड्यातून दोन दिवस पाठवावा, म्हणजे झाले.

कृत्रिम हिरवळ नसताना स्टिक घेऊन काय करायचे, असे कोणी विचारील. 2023 च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धेतील हॉकी म्हापशाच्या पेडे मैदानावर झाली. ते मैदान पेडणे व डिचोलीच्या मुलांना जवळ असले, तरी वास्कोच्या मुलाला चाळीसएक किलोमीटर दूर आहे, हे आम्हांस मान्य आहे. पण चेंडू अडवणे, पुढे ढकलणे, मनगट वळवणे हे धडे विद्यालयाच्या सपाट अंगणातही गिरवता येतात. ज्यांचा हात बसेल त्यांना महिन्यातून दोनदा बसने म्हापशाला नेता येईल. आधी कोट्यवधींची हिरवळ आणि मग स्टिक, हा क्रम उलटा आहे. खेळणारी मुले असली की हिरवळीची मागणी लोकच करतील. मुले नसतील तर हिरवळीवर गवतच उगवेल.

राहता राहिले आमचे रसिक तरुण. त्यांना आमचे आग्रहाचे सांगणे आहे की, पॉडकास्ट जरूर ऐकावेत, बाकाचे व कार्बनचे वादही घालावेत. पण येत्या रविवारी त्यांपैकी चौघांनी घराच्या माळ्यावर पडलेली जुनी स्टिक खाली काढावी, तिच्यावरची धूळ पुसावी आणि ती जवळच्या विद्यालयात नेऊन द्यावी. थोर खेळाडूंच्या मुलाखती ऐकण्यात आनंद आहेच. परंतु उद्या त्याच पाहुण्यांच्या खुर्चीवर सड्याचा किंवा बायण्याचा मुलगा-मुलगी बसावी असे वाटत असेल, तर आज त्यांच्या हाती कोणीतरी स्टिक द्यावी लागेल.