प्रबंधाची एक प्रत शाळेलाही द्या

मी कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका खेड्यात, जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवतो. मार्गदर्शकाचं पत्र घेऊन संशोधक येतात, प्रश्नावली वाटतात, मुख्याध्यापकांचा सही-शिक्का घेतात आणि जातात. त्यातून काय निघालं हे सांगायला आजवर एकही परत आलेला नाही. याला मी लूट म्हणतो. आमचा वेळ आणि आमच्या पोरांची उत्तरं घेऊन कुणीतरी डॉक्टर होतो. चौथीतल्या पोराला हातच्याची वजाबाकी का जमत नाही, हा माझा प्रश्न मात्र जागचा हलत नाही.

प्रबंध शोधगंगेवर, म्हणजे प्रबंधांच्या ऑनलाइन संग्रहात, ठेवलाय, वाचा की, असं सांगतात. मी वाचलेत. शेवटच्या प्रकरणात शिफारशी त्याच: शिक्षकांना प्रशिक्षण द्यावे, पालकांत जागृती करावी. हे सांगायला संशोधन कशाला हवं?

अशा पोकळ संशोधनाला नियमांनीही हातभार लावला. यूजीसीनं (विद्यापीठ अनुदान आयोगानं) २००९ मध्ये पीएच.डी.साठी शोधनिबंध छापणं सक्तीचं केलं आणि २०१० मध्ये प्राध्यापकांची बढती गुणांना बांधली. पैसे मोजले की छापून देणारी नियतकालिकं त्यावर माजली. पीएच.डी.ची ती सक्ती २०२२ मध्ये गेली; लागलेली सवय गेली नाही.

शिक्षणातलं संशोधन असंच असतं, हे मला मान्य नाही. आजरा तालुक्यातल्या बहिरेवाडीचे जे. पी. नाईक याच मातीतले. गारगोटीच्या मौनी विद्यापीठात त्यांनी ग्रामीण शिक्षणाचं काम उभं केलं, पुढे कोठारी शिक्षण आयोगाचे सदस्य-सचिव झाले. राष्ट्रीय उत्पन्नाचे ६ टक्के शिक्षणावर खर्च करा, ही १९६६ च्या त्या अहवालातली मागणी आजही सरकारांचा पिच्छा सोडत नाही. आणि आयोगाच्या शिफारशींचं पुढे काय झालं, याची झाडाझडती नाईकांनी स्वतःच पुस्तक लिहून घेतली. आपल्याच अहवालाचं अपयश मांडायला छाती लागते. आपल्याकडच्या जुन्या प्रबंधांची अशी झडती कोणता शिक्षणशास्त्र विभाग घेतो, ते मला दाखवा.

शिवाजी विद्यापीठानं एक अट घालावी. तोंडी परीक्षेआधी संशोधकानं केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या गटाच्या, शिक्षण परिषदेत, ज्या शाळांतून माहिती उचलली त्याच शाळांच्या शिक्षकांपुढे, आपले निष्कर्ष मराठीत मांडावेत. आमच्या प्रश्नांना उत्तरं देता आली नाहीत, तर तोंडी परीक्षा पुढे ढकलावी.