खोटं नाणं कोणतं?



परवा आमच्या चौथीच्या वर्गात बाईंची, म्हणजे माझीच, चांगली फजिती झाली. मी फळ्यावर कोडं घातलं होतं. दिसायला अगदी सारखी आठ नाणी आहेत. त्यांत एक खोटं, आणि ते बाकीच्यांपेक्षा हलकं. जवळ तराजू आहे, वजनं मात्र नाहीत. कमीत कमी किती वेळा तोलून खोटं नाणं नक्की सापडेल?

माझं उत्तर तयार होतं. दोन्ही पारड्यांत चार-चार ठेवायची. वर जाणारी चार घ्यायची. मग दोन-दोन, मग एक-एक. झालं, तीन वेळा! फळ्यावर ३ लिहिलासुद्धा. इतक्यात मागच्या बाकावरून आवाज आला, "बाई, दोनदाच पुरे." हा मुलगा एरवी वर्गात चकार शब्द काढत नाही. मी घाईनं म्हटलं, "अरे, नीट मोज." तो गप्प खाली बसला. (असं म्हणायला नको होतं मी.)

मधल्या सुट्टीत त्यानं खडूचे आठ तुकडे मांडून दाखवले. तीन-तीन पारड्यांत, दोन बाजूला. पारडी समान राहिली तर खोटं बाजूच्या दोघांत. ती दोन तोला. एखादं पारडं वर गेलं तर त्यातल्या तिघांपैकी कोणतीही दोन तोला. ती समान निघाली तर तिसरं खोटं!

माझं चुकलं कुठं? तराजू 'डावं हलकं', 'उजवं हलकं' एवढंच सांगतो, असं मी धरून चालले होते. तो 'दोन्ही सारखी' असंही सांगतो ना! म्हणून गट तीन करायचे. मग नऊ नाणीसुद्धा दोनदात, २७ तीनदात आणि ८१ चारदात होतात. सुट्टीनंतर फळ्यावरचा ३ पुसून त्यालाच २ लिहायला लावला.

घरी करून बघा. आठ काडेपेट्यांत एकेक रुपया घाला, नववी रिकामी. सगळ्यांत कागदाचा बोळा कोंबा, नाहीतर हलवून ऐकणारे महाभाग निघतातच!

याच धाटणीचं आठ नाण्यांचं कोडं ई. डी. शेल यांनी जानेवारी १९४५ च्या 'अमेरिकन मॅथेमॅटिकल मंथली'त घातलं होतं. त्यात खोटं नाणं असेलच याचीही खात्री नव्हती! तरी दोनदाच तोलायचं. आमच्या मुलाची युक्ती तिथं चालेल का? बघा बरं.

आता थोरलं कोडं. बारा नाणी, एक खोटं, पण ते हलकं की जड, ठाऊक नाही. तीनदा तोलून ते शोधायचं आणि हलकं की जड तेही सांगायचं. फ्रीमन डायसन या शास्त्रज्ञांनी १९४६ साली यावर लिहिलं होतं. शक्यता २४, आणि तीन तोलण्यांची उत्तरं ३ × ३ × ३ = २७. म्हणजे जमायला हवं. जमतंही. मग तेरा नाण्यांच्या २६ शक्यताही बसायला हव्यात की! पण तेरा काही केल्या जमत नाहीत. का, हा प्रश्न आई-बाबांसाठी.

तुम्ही बारांना हात घाला. सुरुवात चार-चारनं करा, चार बाजूला ठेवा. उत्तर पुढच्या अंकात.