बहिणाबाईंच्या विद्यापीठात इंग्रजी

मागे एका महाविद्यालयाने मला विद्यार्थ्यांच्या इंग्रजी कथांच्या स्पर्धेचा परीक्षक म्हणून बोलावले होते. रावेर तालुक्यातल्या एका मुलीची कथा पहिल्या पाचांत होती. तीत एक जुना वाडा होता, पानगळ होती, शेकोटीशेजारी बसून पत्र वाचणारी एक प्रौढा होती. व्याकरण निर्दोष. चहाच्या वेळी मी तिला सहज घरचे विचारले, तर ती सांगू लागली. जूनच्या तोंडावर वादळ आले आणि कापणीवर आलेली केळी एका रात्रीत आडवी झाली; नवती गेलीच, पिलबागही गेला. तलाठी पंचनाम्याला आला, पण वडील दोन दिवस बागेत पाऊल टाकायला तयार नव्हते. ती बोलत होती आणि माझा चहा निवत होता. मी विचारले, 'हे का नाही लिहिलेस?' ती म्हणाली, 'सर, ते इंग्रजीत कसं लिहायचं?'

प्रश्न तिच्या एकटीचा नाही. नव्या शैक्षणिक धोरणाप्रमाणे २०२४-२५ पासून राज्यातल्या संलग्न महाविद्यालयांत नव्या रचनेची पदवी सुरू झाली आणि कौशल्यांना महत्त्व आले. सर्जनशील लेखन हे त्यातलेच एक कौशल्य मानले जाते. दिल्ली-मुंबईच्या विद्यापीठांत ते कसे चालते याची चर्चा वर्तमानपत्रांतून होते. जळगाव-धुळ्याकडे कोण बघतो?

आमचे विद्यापीठ तसे लहान आणि वयानेही तरुण. १९९० पर्यंत खानदेशातली महाविद्यालये पुणे विद्यापीठाला जोडलेली होती. त्या वर्षी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ वेगळे झाले आणि २०१८ मध्ये त्याला कवयित्री बहिणाबाई चौधरी यांचे नाव मिळाले. असोद्याच्या या बाईला अक्षरओळख नव्हती. तिच्या ओव्या मुलाने, सोपानदेवांनी टिपून ठेवल्या म्हणून उरल्या, आणि १९५२ साली, तिच्या मृत्यूनंतर, पुस्तकरूपाने आल्या. जिला लिहिता येत नव्हते तिच्या नावाच्या विद्यापीठात लिहायला शिकवायचे, तेही इंग्रजीत! यात थट्टेला जागा आहे, पण मला ती करायची नाही. बहिणाबाईंच्या जवळ जात्यावरची आणि शेतातली भाषा होती, ती त्यांनी बदलली नाही, एवढेच लक्षात ठेवावे.

इंग्रजी शिकून मराठीत लिहिणाऱ्यांची तर खानदेशात परंपराच आहे. मर्ढेकरांचा जन्म फैजपूरचा. इंग्रजीचे अध्यापन त्यांनी काही काळ केले. भालचंद्र नेमाडे सांगवीचे. मुंबई विद्यापीठातून इंग्रजीचे एम. ए. झाले, धुळ्यातही शिकवून गेले, पीएच. डी. याच विद्यापीठाची. मात्र १९६३ साली 'कोसला' आली ती कुठल्याही वर्गातल्या गृहपाठातून नव्हे. इंग्रजीच्या वाचनाने त्यांना बाहेरून पाहण्याची नजर दिली असेल. माणसे मात्र गावचीच राहिली. म्हणजे आपल्याकडे साहित्याचा वर्ग आणि लेखन हे एकमेकांना ओळख न देणारे शेजारी होते. आता त्यांना एका घरात आणायचे आहे.

पाश्चात्त्य देशांत हे घर जुने आहे. अमेरिकेत आयोवा येथे १९३६ पासून, इंग्लंडात नॉरिच येथे १९७० पासून. आपले दिलीप चित्रेही सत्तरच्या दशकात आयोवाला लेखक म्हणून राहून आले. तिथले सूत्र साधे आहे. दहा-बाराजणांनी एकत्र बसायचे, एकाची पाने सगळ्यांनी वाचायची, तोंडावर बोलायचे, आणि त्याने घरी जाऊन पुन्हा लिहायचे. आमच्याकडे वर्गात साठ मुले आणि परीक्षेत 'कथानक म्हणजे काय, टीप लिहा'. त्या टिपेचे गाईड बाजारात मिळते. पुन्हा लिहिण्याला गुण नाहीत, म्हणून कोणी पुन्हा लिहीत नाही.

मुले तरी इंग्रजी का घेतात? बी. एड. करून शिक्षक व्हावे, सेट-नेट व्हावे, पुण्यात कुठे चिकटावे म्हणून. यात चूक काय? मी बँकेत आयुष्य घालवले. इंग्रजीच्या एका पेपरावर कितीजणांची वाट अडली ते पाहिले आहे. ज्यांची पोटे भरलेली आहेत त्यांनी मातृभाषेचे गोडवे गावेत, हे मला पटत नाही. मुलीला इंग्रजी यायलाच हवे.

पण कोणते? पीककर्जाच्या फायलीत परतफेड थांबल्याचे कारण लिहायला एक रकाना असे. मी तिथे वर्षानुवर्षे 'नैसर्गिक आपत्ती' एवढे दोन शब्द लिहीत आलो. बागेत पाऊल न टाकणारा बाप त्या रकान्यात मावत नव्हता. शेकोटीची कथाही तशीच, रकाना भरण्यापुरती. कादंबरी लिहायला बसलो तेव्हा ते दोन शब्द हातातून जायलाच मला कित्येक वर्षे लागली.

राजा राव यांची 'कांतापुरा' ही १९३८ ची कादंबरी भारतीय इंग्रजी साहित्याच्या अभ्यासक्रमात हमखास भेटते. कानडी खेड्यातल्या म्हातारीच्या सांगण्याची लय त्यांनी इंग्रजीत आणली, याबद्दल आम्ही मुलांकडून दहा गुणांचे उत्तर लिहून घेतो. तेच एखाद्या साक्रीच्या मुलाने अहिराणीच्या लयीत केले, की लाल शाई! म्हणून माझे म्हणणे असे, की या पेपरात पहिला खर्डा ज्याच्या त्याच्या बोलीत लिहू द्यावा, अहिराणीत, लेवा बोलीत, पावरीत. मग तो इंग्रजीत आणावा आणि दोन्ही कागद तपासावेत. तपासणारे कुठून आणायचे, असे प्राध्यापक मित्र विचारतात. अडचण खरी आहे. पावरी जाणणारा इंग्रजीचा परीक्षक सहज मिळणार नाही. पण जळगावला लेवा बोली आणि धुळ्याला अहिराणी जाणणारे इंग्रजीचे शिक्षक डझनांनी आहेत. ते घरी तीच बोलतात. तेवढ्यांपासून आरंभ करायला कोणाची परवानगी लागते, मला ठाऊक नाही.

त्या मुलीने पुढे मला चार पाने पाठवली. इंग्रजी पहिल्यापेक्षा अडखळते होते. 'पिलबाग' हा शब्द तिने तसाच ठेवला होता. एकदा कापलेल्या केळीच्या बुंध्यातून पुन्हा उठणारी बाग, हे तिने पुढच्या दोन वाक्यांत वडिलांच्या तोंडून सांगितले होते. खाली टीप होती : 'सर, परीक्षेत असं लिहिलं तर गुण कापतील का?' मी अजून उत्तर पाठवलेले नाही.