महिन्याला दोन किलो पुष्कळ झाले

घरात दोन महिन्यांवर लग्न आलंय. किंवा डॉक्टरांनी रिपोर्ट बघून "वजन कमी करा" एवढंच सांगितलं आणि पुढच्या पेशंटला आत बोलावलं. किंवा गेल्या वर्षीचा ब्लाऊज दंडात अडकतोय. कारण काहीही असो, तुम्ही मनावर घेतलंत हे चांगलं झालं.

आता एक विनंती. ताटातलं काही कमी करण्याआधी मनातला आकडा कमी करा.

"1 महिन्यात 10 किलो" ही पाटी तुम्ही रिक्षाच्या मागे वाचली असेल, विजेच्या खांबावर वाचली असेल, मोबाइलवर तर रोजच येते. तिचा हिशोब करून बघू. चौथीतला गुणाकार-भागाकार पुरेल.

शरीरातली एक किलो चरबी म्हणजे साधारण 7,700 कॅलरी. सत्तर-पंचाहत्तर किलो वजनाची, घरकाम किंवा बैठं काम करणारी बाई दिवसाला 1,700 ते 2,000 कॅलरी खर्च करते. म्हणजे तिने अख्खा दिवस पाण्याशिवाय काहीच घेतलं नाही, तरी चरबी जाणार ती पाव किलोच्या आसपास. असे तीस दिवस कडकडीत उपास काढले तरी हिशोब आठ किलोंच्या आतच राहतो. आणि असा उपास कुणी चुकूनही करू नये.

मग दहा किलो कुठून आले? एक तर पाटी खोटी. नाहीतर जे गेलं त्यात बरंचसं पाणी होतं आणि स्नायू होते. स्नायू म्हणजे जिना चढायची, पाण्याची कळशी उचलायची ताकद. ती घालवून काट्यावर हलकं होण्यात काय मिळवलं?

खरा आकडा आहे आठवड्याला साधारण अर्धा किलो. वजन शंभराच्या पुढे असेल तर सुरुवातीला एक किलोपर्यंत. उंची पाच फूट आणि वजन 65 असेल, तर महिन्याला एक-दीड किलोवर समाधान माना. सहा महिन्यांत वजनाच्या 5 ते 10 टक्के उतरले की काम उत्तम चाललंय असं समजा. तुम्ही 75 किलोंचे असाल तर पावणेचार ते साडेसात किलो.

"एवढंच?" असं मनात आलं ना? पण एवढ्यानं काय होतं ते ऐका. अमेरिकेत मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या तीन हजारांहून अधिक माणसांचा एक मोठा अभ्यास झाला. 2002 साली तो प्रसिद्ध झाला. त्यातल्या एका गटाला सांगितलं होतं, 7 टक्के वजन उतरवा आणि आठवड्यातून 150 मिनिटं चाला. प्रत्यक्षात उतरलं सरासरी साडेपाच किलोंच्या आसपास. तेवढ्यावर त्यांच्यात मधुमेह होण्याचं प्रमाण 58 टक्क्यांनी कमी झालं. आपल्याकडे चेन्नईत असाच अभ्यास झाला, 2006 साली. तिथे तर वजन जवळपास हललंच नाही. तरी खाणंपिणं सुधारलेल्या आणि हालचाल वाढवलेल्या गटात मधुमेहाचं प्रमाण 28.5 टक्क्यांनी घटलं.

म्हणून काटा हलला नाही की सगळं सोडून द्यायचं, हे करू नका. बहुतेकांची गाडी इथेच अडते. महिन्यात दोन किलो उतरलेले असतात, पण मनात दहा असतात. मग "माझ्या शरीराला काही लागूच पडत नाही" म्हणून माणूस पुन्हा फरसाणाच्या डब्याकडे वळतो.

पहिल्या आठवड्यापासून सावध राहा. त्या आठवड्यात दोन-अडीच किलो झटकन उतरू शकतात. शरीर थोडी साखर स्नायूंत आणि यकृतात साठवून ठेवतं आणि तिच्यासोबत तिच्या तिप्पट पाणी धरून ठेवतं. खाणं कमी झालं की आधी ती साखर संपते आणि पाणी निघून जातं. शेजारणीला फोन करून सांगण्याइतका आनंद होतो. दुसऱ्या आठवड्यात मात्र अर्धाच किलो उतरतो आणि आनंदाची जागा संशय घेतो. काही बिघडलेलं नसतं. खरं काम तेव्हाच सुरू झालेलं असतं.

काट्यावर रोज उभे राहू नका. आदल्या रात्री पापड-लोणचं जास्त झालं, पोट साफ नसलं, पाळीचे दिवस जवळ आले, की वजन किलो-दीड किलो वर दाखवतं. ती चरबी नाही. आठवड्यातून एक वार ठरवा. सकाळी संडासला जाऊन आल्यावर, चहाच्या आधी, तोच काटा, तसेच हलके कपडे. आकडा कालनिर्णयच्या त्या तारखेच्या चौकटीत लिहा, दुधाच्या हिशोबाशेजारी. चार आठवडे झाले की पहिला आणि शेवटचा आकडा बघा. मधले बघू नका.

आणि शिंप्याकडे असते तशी टेप घरात आणा. बेंबीच्या पातळीवर, पोट आत न ओढता, महिन्यातून एकदा माप घ्या. आपल्या लोकांची चरबी पोटाभोवती साठते. हातपाय काडीसारखे आणि पोट पुढे, असे कितीतरी जण आपल्या घरात आहेत. बायकांच्या पोटाचा घेर 80 सेंटिमीटरच्या आत, म्हणजे साडेएकतीस इंचांच्या आत हवा. पुरुषांचा 90 सेंटिमीटरच्या, म्हणजे साडेपस्तीस इंचांच्या आत. काटा थांबलेला असतानाही घेर कमी होत असतो, हे टेप लावल्याशिवाय कळत नाही.

आता घाई केल्यावर काय होतं, तेही सांगून ठेवतो. केस गळतात. लगेच नाही, दोन-तीन महिन्यांनी, त्यामुळे कुणाला जोडच लागत नाही आणि दोष बिचाऱ्या तेलाला मिळतो. पित्ताशयात खडे होण्याचा धोका वाढतो. पाळी पुढे-मागे होते. चिडचिड होते आणि ती सगळ्या घरावर निघते. पुढे वजन परत येतं तेव्हा चरबी पटकन परत येते, गेलेले स्नायू मात्र तितक्या सहज येत नाहीत.

घरात मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्शुलिन घेणारं कुणी असेल तर एक गोष्ट पक्की लक्षात ठेवा. खाणं अचानक कमी केलं आणि औषध तेवढंच ठेवलं, तर साखर एकदम खाली जाऊन माणूस चक्कर येऊन पडू शकतो. वजन उतरलं की रक्तदाबाच्या गोळीचंही प्रमाण बदलावं लागू शकतं. आधी डॉक्टरांना विचारा, मग ताट बदला. पोटुशी बाई, अंगावर पाजणारी आई आणि वाढीच्या वयातली मुलं यांनी स्वतःच्या मनाने वजन उतरवायला बसू नये.

पावडरीच्या डब्यांपासून दूर राहा. "शंभर टक्के आयुर्वेदिक" असं लिहिलेल्या वजनाच्या औषधांत सिब्युट्रामिन मिसळलेलं जगभर पुन्हा पुन्हा सापडलंय. हे औषध हृदयाला धोका म्हणून आपल्या देशात 2011 साली बंद केलं. डब्यावर त्याचं नाव कुणी छापत नाही. छाती धडधडायला लागते तेव्हा कळतं.

वजनासाठीची इंजेक्शनं 2025 पासून आपल्याकडेही मिळू लागली आहेत. ती खरी औषधं आहेत, काहींना लागतातही, पण ती डॉक्टरांनी द्यायची. या इंजेक्शनांकडून घाईबद्दल एक गोष्ट शिकण्यासारखी आहे. सेमाग्लुटाइड हे त्यातलं नावाजलेलं औषध. मोठ्या चाचणीत त्याने सरासरी 15 टक्के वजन उतरलं, पण त्याला 68 आठवडे लागले. म्हणजे 80 किलोंच्या माणसाचे 12 किलो, सव्वा वर्षाहून जास्त काळात. खऱ्या औषधालाही एवढा वेळ लागतो. आणि बंद केल्यावर वर्षभरात गेलेल्यातलं दोन तृतीयांश वजन परत आलं.

मग या महिन्यात काय करायचं? चहापासून सुरुवात करा. दिवसाला चार कप, प्रत्येकात दोन चमचे साखर, म्हणजे आठ चमचे. चमच्याला वीस कॅलरी धरा. रोजच्या 160, महिन्याच्या 4,800. नुसती ही साखर सुटली तरी कागदावर सहाशे ग्रॅम चरबीचा हिशोब होतो. प्रत्यक्षात थोडं कमीच उतरेल, पण उतरेल. एकदम बिनसाखरेचा चहा घशाखाली जात नसेल तर आधी एक चमचा करा. पंधरा दिवसांनी अर्धा.

मग तेल. बुधलीतून कढईत धार सोडायची सवय मोडा. पळीने किंवा चमच्याने घाला. पोह्याच्या मोठ्या चमचाभर तेलात 120 कॅलरी असतात आणि फोडणीत ते दिसतसुद्धा नाही. माणशी महिन्याला अर्धा लिटर हे माप धरा. वाण्याच्या यादीत डबा किती दिवसांनी येतो ते बघा, सगळं उत्तर तिथेच आहे.

ताटात आधी उसळ, वरण, दही, अंडं खाणाऱ्यांनी अंडं. मटकी, मूग, चवळी यांनी पोट भरलेलं राहतं आणि स्नायू टिकतात. मग एक भाकरी किंवा दोन पातळ पोळ्या. भात सोडायची गरज नाही, दुसऱ्यांदा घ्यायची सोडा. आणि उपास म्हणून साबुदाण्याची खिचडी, वर शेंगदाण्याची आमटी, वर बटाट्याचे वेफर्स खात असाल तर त्याला उपास म्हणा, वजन उतरवणं म्हणू नका. एकादशी आणि दुप्पट खाशी, ही म्हण आपल्याच घरांतून निघाली आहे.

काही वर्षांपूर्वी लग्नाच्या पंगतीत "दीक्षित की दिवेकर" हा वाद हमखास रंगायचा. डॉ. दीक्षित दोनदाच जेवा म्हणतात, आहारतज्ज्ञ दिवेकर थोड्या थोड्या वेळाने घरचं साधं खा म्हणतात. माझं विचाराल तर पुढच्या गणपतीतही तुम्हाला जे जमणार आहे ते निवडा. जे दोन महिनेच जमेल, त्याचा फायदा दोन महिनेच.

चालणं हवंच, पण त्याच्यावर भलता भार टाकू नका. अर्धा तास झपझप चालून सव्वाशे-दीडशे कॅलरी जातात. येताना कोपऱ्यावर एक वडापाव खाल्लात तर त्याच्या दुप्पट परत आल्या. चालण्याचा खरा उपयोग साखर ताब्यात ठेवायला आणि उतरलेलं वजन पुन्हा चढू न द्यायला. स्नायूंसाठी रोज दहा वेळा हात न टेकता खुर्चीवरून उठा-बसा, भिंतीला हात लावून जोर काढा. पन्नाशीच्या पुढच्यांनी तर हे नक्कीच करावं.

चौथ्या-पाचव्या महिन्यात काटा थांबेल. जवळजवळ सगळ्यांचा थांबतो. माणसं कमी झालेल्या घराला शिधा कमी लागतो, तसं हलक्या झालेल्या शरीराला अन्न कमी लागतं. शिवाय तोपर्यंत आपला हातही थोडा सैल झालेला असतो. चमच्याच्या जागी पुन्हा धार आलेली असते. एक आठवडा जे जे तोंडात गेलं ते लिहून काढा, मुलाच्या ताटातलं उरलेलंसुद्धा. सुटलेलं टोक सापडेल. सापडलं नाही तरी घाबरू नका. महिनाभर वजन आहे तिथेच राहिलं तर शरीर त्या वजनाला सरावतंय असं समजा आणि चालू ठेवा.

गणपती ते दिवाळी या दिवसांत वजन उतरवण्याचा हट्ट धरू नका. मोदक खा, मोजून दोन खा. फराळ खा, पण डबा उघडा ठेवून टीव्हीसमोर बसू नका. या दिवसांत वजन वाढलं नाही तरी पुष्कळ झालं. पुन्हा उतरवायला तुळशीच्या लग्नानंतर थंडी आहेच.

घरातल्या इतरांनाही दोन शब्द. जे कुणी हे करतंय त्याला "काही फरक दिसत नाही हं" असं म्हणू नका. आणखी एक पोळी आग्रहाने वाढू नका. वेगळा स्वयंपाक मागू नका, सगळ्यांनी तेच खा. आणि घरातल्या मुलीला जाडी, ढोली म्हणून हाक मारत असाल तर आजपासून बंद करा.

शेवटचं, आणि हे वजन उतरवू पाहणाऱ्यांसाठी नाही. घरात कुणी काहीही न करता बारीक होत असेल, सहा महिने ते वर्षभरात विसातला एक भाग वजन गेलं असेल, तर "बरं झालं, अंग उतरलं" म्हणू नका. साखर तपासा, थायरॉइड तपासा. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल, संध्याकाळी ताप येत असेल, तर थुंकी तपासायला जवळच्या सरकारी दवाखान्यात न्या. ती तपासणी आणि क्षयाची औषधं तिथे मोफत मिळतात. म्हाताऱ्या माणसांच्या बाबतीत तर थांबूच नका. वयामुळे सुकलेत असं समजून आपण महिने घालवतो.