समुद्राचे वेळापत्रक

दिवाळीची किंवा मे महिन्याची सुटी जवळ आली, की कोल्हापुरातील कचेऱ्यांत आणि शाळांच्या शिक्षक-खोल्यांत एक चर्चा हटकून रंगते. यंदा कोकणात कोठे उतरायचे? मग कागद पुढे ओढला जातो आणि तीन दिवसांत दहा ठिकाणे बसवली जातात. सकाळी सिंधुदुर्ग किल्ला, दुपारी तारकर्ली, सायंकाळी देवबागचा संगम. दुसऱ्या दिवशी वेंगुर्ले, रेडीचा गणपती आणि जमल्यास गोव्याचे एक टोक. कचेरीच्या कामाचा तक्ता असावा तसा हा विश्रांतीचा तक्ता! परतल्यावर सोमवारी कामावर येणारा मनुष्य निघाला होता त्याहून अधिक थकलेला असतो, याचे मग नवल ते काय?

वस्तुतः कोल्हापूरला समुद्र परका नाही. राधानगरी, दाजीपूर ओलांडून फोंडा घाट उतरला, की कणकवली, कसाल करीत दीडशे किलोमीटरांच्या आसपास मालवण येते. या घाटवाटांनी गूळ खाली गेला आणि नारळ, आमसुले, मासळी वर आली. १६६४ मध्ये शिवछत्रपतींनी कुरटे बेटावर ज्याची उभारणी आरंभिली, तो सिंधुदुर्ग पुढे कोल्हापूरच्या छत्रपतींकडे होता. १८१२ च्या तहान्वये मालवण बंदरासह तो इंग्रजांच्या हाती गेला आणि करवीर राज्याचे हे समुद्राचे दार बंद झाले. रेल्वेच्या बाबतीतही तेच. कोल्हापूर-वैभववाडी मार्गाला मंजुरी मिळाली, पण त्यावरून गाडी अद्याप धावलेली नाही. त्यामुळे सामान्य कुटुंबाची भिस्त आजही एसटीवर किंवा भाड्याच्या मोटारीवर आहे. नाते जुने असले, तरी घाटावरच्या माणसाचे समुद्राविषयीचे ज्ञान मात्र पाहुण्याचेच राहिले.

मालवणसारख्या गावाचा संथपणा पाहुण्याला मोहवितो. दुपारी निम्मी बाजारपेठ झोपलेली, होड्या वाळूवर ओढलेल्या, कोणाला कसलीच घाई नाही! परंतु हा संथपणा म्हणजे आळस नव्हे. ते गाव घड्याळावर चालत नाही. ते भरती-ओहोटीवर चालते. दुपारी निवांत दिसणारा कोळी पहाटेच्या काळोखात समुद्रावर जाऊन आलेला असतो. रापण लागते तेव्हा होडीने अर्धवर्तुळात टाकलेल्या लांबलचक जाळ्याची दोन्ही टोके किनाऱ्यावरून माणसे ओढतात आणि मिळालेल्या मासळीचे वाटे पडतात. तेथे प्रत्येक गोष्टीला वेळ आहे. ती ठरविणारा अधिकारी मात्र चंद्र आहे.

या अधिकाऱ्याचे वेळापत्रक घाटावरच्या घराघरांत भिंतीवर टांगलेले असते. त्याचा उपयोग चतुर्थी-एकादशीपलीकडे कोणी करीत नाही, एवढेच. तिथीच्या अंकाची पाऊणपट केली, की पूर्ण भरतीची वेळ स्थूलमानाने निघते, हा कोकणातील जुना आडाखा आहे. चतुर्थीला सुमारे तीन वाजता, अष्टमीला सहा वाजता, पौर्णिमेला किंवा अमावास्येला सव्वाअकराच्या पुढे. त्यानंतर सहा तासांनी ओहोटी, आणि दररोज ही वेळ पाऊण तासाने पुढे सरकते. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाण, अष्टमीच्या आसपास भांग. ज्याला पाऊणकी येते, त्याला हे गणित अवघड नाही. अचूक वेळ स्थानिक माणसाला विचारावी. पण काय विचारायचे, हे तरी या गणिताने कळते. सहलीचा आराखडा ठिकाणांच्या यादीपासून नव्हे, तर येथून सुरू व्हावयास हवा.

हा केवळ हौसेचा प्रश्न नाही. १५ एप्रिल २०१७ रोजी मालवणजवळच्या वायरीच्या किनाऱ्यावर बेळगावहून आलेल्या अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या सहलीतील आठ जण बुडाले. २४ मे २०२२ रोजी तारकर्लीच्या समुद्रात पर्यटकांची नौका उलटून दोघांचा अंत झाला. प्रत्येक दुर्घटनेची कारणे वेगळी असतात आणि मृतांना दोष देणे तर अमानुषच होय. परंतु एक गोष्ट ध्यानी घेतली पाहिजे. पंचगंगेत पोहायला शिकलेला, विहिरीत सूर मारणारा मुलगा समुद्रालाही मोठी नदीच समजतो. नदी एका दिशेने वाहते आणि तिला पलीकडचा काठ असतो. समुद्र ओहोटीला पायाखालची वाळू काढून घेतो आणि माणसाला आत ओढतो. पाणी कमी झाले म्हणजे धोकाही कमी झाला, हा नदीकाठचा हिशेब तेथे घातक ठरतो.

अशा घटनेनंतर सहलींवर बंदी घालण्याची मागणी होते. बंदी सोपी असते, कारण तिला शिकवावे लागत नाही. पण शाळेबरोबर न गेलेला मुलगा उद्या मित्रांबरोबर जाणारच. आणि त्या वेळी सोबत शिक्षक नसतील. त्यापेक्षा निघण्यापूर्वी वर्गातील फळ्यावर तिथी मांडून भरतीची वेळ काढून घ्यावी, किनाऱ्यावर पोचताच प्रथम स्थानिक कोळ्याचा सल्ला घ्यावा आणि तो 'नको' म्हणाला तर पाण्यात उतरू नये. भूगोलाचा याहून चांगला धडा कोणता? शासनाची जबाबदारी अर्थातच याने संपत नाही. गर्दीच्या प्रत्येक किनाऱ्यावर जीवरक्षक, दररोजच्या भरती-ओहोटीचा मराठीतील ठळक फलक आणि नौकेत किती माणसे बसवली याची रोजची तपासणी, एवढे तरी व्हावयास हवे. पर्यटनाच्या जाहिरातींवर होणाऱ्या खर्चाच्या मानाने ही मागणी फार मोठी नव्हे.

उरला प्रश्न खर्चाचा आणि दिवसांचा. नाताळ आणि नववर्षाच्या गर्दीत दुप्पट भाडे मोजून रांगेत उभे राहण्यापेक्षा पावसाळ्यानंतरचे साधे वार निवडावेत. मेअखेरपासून ऑगस्ट संपेपर्यंत जलक्रीडा बंद असतात, जून-जुलैत यांत्रिक नौकांच्या मासेमारीला बंदी असते, हे ध्यानात ठेवावे. दहा गावांऐवजी एकाच गावी, एखाद्या घरगुती न्याहारी-निवासात तीन रात्री काढाव्यात. एवढ्यात प्रवासाचा खर्च वाचतो आणि पैसा त्या गावातील घरात राहतो. ताटात सुरमई-पापलेटचाच हट्ट न धरता त्या दिवशी जाळ्यात आलेला बांगडा किंवा तारली गोड मानून घ्यावी. सायंकाळी बंदरावर मासळीचा लिलाव पाहावा. काही न करता वाळूवर तासभर बसणे हाही कार्यक्रमच आहे, हे मुलांना सांगण्याची गरज नसते. ते मोठ्यांनाच पटवावे लागते.

घड्याळाच्या काट्यावर वर्ष काढणाऱ्या कारकुनाला आणि तासांच्या घंटेवर जगणाऱ्या शिक्षकाला विश्रांतीचा हक्क आहे. परंतु ते घड्याळ बरोबर घेऊन गेल्यास विश्रांती मिळत नाही, आणि समुद्राचे घड्याळ न पाहता गेल्यास कधी कधी माणूसच परत येत नाही. घाट उतरण्यापूर्वी एकवार भिंतीवरचे पंचांग उघडावे. आजची तिथी कोणती, एवढा साधा प्रश्न ज्या कुटुंबाने विचारला, त्याच्या सहलीची निम्मी तयारी झाली असे समजावे.