बातमीदाराच्या जिवाची हमी द्या

वाढवण बंदराचे काम पुढे सरकत असताना पालघर जिल्ह्यातील डहाणू-तलासरीच्या बातमीदारांच्या जिवाची हमी शासनाने घेतलीच पाहिजे, असे आमचे स्पष्ट मत आहे. राजापूरचे पत्रकार शशिकांत वारिशे तेथील नियोजित रिफायनरीविरोधात लिहीत होते. ६ फेब्रुवारी २०२३ रोजी त्यांची बातमी छापून आली, त्याच दिवशी त्यांना गाडीखाली चिरडण्यात आले. दुसऱ्या दिवशी त्यांनी प्राण सोडला. कोकण हे विसरलेले नाही.

जमीन आणि किनारा यांचे मोल वाढते तेथे गावचा बातमीदार सर्वांत उघडा पडतो. मुंबईत पत्रकार ज्योतिर्मय डे यांच्या हत्येचा निकाल लागायलाही जवळपास सात वर्षे गेली. मग तलासरीच्या पाड्यावरून लिहिणाऱ्याने कोणाच्या भरवशावर लिहायचे? तो गप्प बसला, तर वाढवणच्या मच्छीमाराचे गाऱ्हाणे किनाऱ्यावरच विरून जाईल.

पत्रकार संरक्षणाचा राज्याचा कायदा २०१७चा आहे. त्याखालील गुन्ह्याचा तपास किमान उपअधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्याने करायचा असतो. पालघर पोलिसांनी हल्ल्याच्या पहिल्याच तक्रारीला हा कायदा लावावा. किरकोळ हाणामारीची नोंद करून कोणाचीही बोळवण आम्ही खपवून घेणार नाही.