गहू सोडला, बरं वाटलं... मग?

"बरं वाटतंय ना तुला? मग परत खायचं कशाला?"

हा प्रश्न मला आतापर्यंत आईने, सासूबाईंनी, दोन्ही नणंदांनी आणि ऑफिसातल्या निम्म्या लोकांनी विचारून झाला आहे. प्रत्येकाला फोनवर वेगळं समजावत बसण्यापेक्षा एकदाच नीट लिहून टाकते.

तर झालं असं. वर्षभर माझं पोट फुगायचं. जेवण झालं की तासाभरात गुबारा, दुपारभर जडपणा. आजकाल अशा तक्रारीवर सगळीकडून एकच सल्ला येतो, गहू सोड. माझ्या ओळखीतल्या चौघीजणींनी सोडलाय आणि चौघींनाही "जादू" झाल्यासारखं वाटलंय. मीही सोडणार होते, पण आधी डॉक्टरीणबाईंकडे गेले. त्या म्हणाल्या, "आत्ता पोळ्या बंद करू नका हं. आधी रक्त तपासू."

ही गोष्ट फार थोड्यांना माहीत असते, म्हणून जरा सविस्तर सांगते. सिलिअॅक नावाचा एक खरा आजार आहे. त्यात गहू, जव आणि राय यांतल्या ग्लुटेनमुळे शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच लहान आतड्यावर उलटते. जगभरात साधारण शंभरात एकाला तो असतो. २०१६ साली आपल्या देशातल्या तीन भागांची पाहणी प्रसिद्ध झाली, त्यात उत्तरेकडे शंभरात सव्वा माणूस तर दक्षिणेकडे हजारात एखादाच निघाला. हा आजार ओळखायला आधी रक्तातली प्रतिद्रव्यं बघतात (टीटीजी-आयजीए), मग गरज पडली तर दुर्बीण घालून आतड्याचा तुकडा तपासतात. पण ग्लुटेन पोटात जात असेल तरच या तपासण्यांना अर्थ आहे. गहू बंद केला की प्रतिद्रव्यं कमी होत जातात, आतडंही भरून येऊ लागतं, आणि आजार असूनही रिपोर्ट स्वच्छ येऊ शकतो. म्हणजे गहू आधी सोडून मग तपासायला जाणं हे चोर पळून गेल्यावर पंचनामा करण्यासारखं आहे.

माझा रिपोर्ट स्वच्छ आला, पोळ्या चालू असताना. मग सहा आठवडे गहू बंद. ज्वारीची भाकरी, नाचणी, तांदूळ. आपलं स्वयंपाकघर या बाबतीत फार श्रीमंत आहे, उपासाचा तर सगळा फराळच बिनगव्हाचा. तरी गहू कुठे कुठे लपलेला असतो हे तेव्हा कळलं. रवा, शेवया, कुरडया ठीक, पण डबीतल्या हिंगातसुद्धा बहुतेक वेळा कणीक किंवा मैदा मिसळलेला असतो! चौथ्या आठवड्यात पोट हलकं झालं. सगळ्यांनी अभिनंदन केलं. सासूबाईंनी माझ्यासाठी भाकरीचा वेगळा तवा काढला.

इथेच बहुतेक जण थांबतात. आणि माझं म्हणणं असं आहे की इथे थांबणं म्हणजे अर्धा प्रयोग करून निकाल जाहीर करणं.

कारण त्या सहा आठवड्यांत फक्त गहू का गेला होता? चार वाजताची खारी गेली, बिस्किटं गेली, ऑफिसखालचा वडापाव गेला, हॉटेलचं जेवण जवळजवळ गेलं. रात्री भाकऱ्या थापायच्या म्हणून मी लवकर घरी यायला लागले, जेवणं आठला व्हायला लागली. शिवाय बरं वाटणार आहे ही खात्री होतीच. मग श्रेय एकट्या गव्हाला का?

हा संबंध मुळात सिद्ध झाला तोही गहू परत आल्यावर. विलेम डिके नावाचे डच बालरोगतज्ज्ञ होते. सिलिअॅकच्या मुलांच्या बाबतीत त्यांना गव्हाचा संशय आधीपासून होता. १९४४-४५ च्या हिवाळ्यात नेदरलँड्समध्ये भयंकर अन्नटंचाई झाली, पाव मिळेना, लोक ट्यूलिपचे कंद खाऊन राहिले. अशा दिवसांत ही आजारी मुलं सुधारली, आणि पाव परत आल्यावर पुन्हा आजारी पडली असं सांगतात. पण डिके या गोष्टीवर विसंबून राहिले नाहीत. मुलांच्या आहारात गहू घालून आणि काढून त्यांनी काय होतं ते मोजलं आणि १९५० साली प्रबंध लिहिला.

ज्यांना सिलिअॅक नाही पण गहू सोसत नाही असं वाटतं, त्यांच्या बाबतीत तर परत खाऊन बघण्याने फार गमतीचे निकाल दिले आहेत. मेलबर्नच्या मोनाश विद्यापीठातल्या संशोधकांनी २०११ मध्ये अशा ३४ जणांना कळू न देता ग्लुटेनवाला आणि बिनग्लुटेनचा पाव दिला. ग्लुटेनवाल्यांना जास्त त्रास झाला. पुढे त्याच गटाने २०१३ मध्ये ३७ जणांच्या आहारातून आधी आंबणाऱ्या शर्करा कमी केल्या आणि मग ग्लुटेन दिलं, तर ग्लुटेनचा असा वेगळा परिणाम जवळजवळ दिसलाच नाही. २०१८ मध्ये नॉर्वेत ५९ जणांवर प्रयोग झाला. तिथे ग्लुटेनपेक्षा फ्रुक्टानने जास्त पोटं फुगली. फ्रुक्टान म्हणजे गव्हात असणारी एक प्रकारची शर्करा. ती आणखी कशात असते? कांद्यात आणि लसणात! म्हणजे शिव्या पोळीला आणि मजा करतोय कांदा, असंही असू शकतं.

म्हणून मी परत गहू खायचं ठरवलं, पण मला न कळता. अभ्यासक एक आठवडा खरा, मधे एक आठवडा विश्रांती, मग एक आठवडा खोटा (किंवा उलट क्रमाने) अशी चाचणी घेतात, ग्लुटेन रोज आठ ग्रॅम. एका मध्यम पोळीत तीसेक ग्रॅम कणीक, म्हणजे अंदाजे अडीच-तीन ग्रॅम ग्लुटेन. तीन पोळ्या झाल्या की हिशोब जमला. लपवायला आपल्याकडे थालीपिठासारखी जागा नाही. बिनगव्हाची भाजणी घेतली. नवऱ्याने एका डब्यातल्या पिठात रोजची नव्वद ग्रॅम कणीक मिसळली, दुसऱ्यात तेवढंच ज्वारीचं पीठ. डब्यांवर फक्त अ आणि ब. कांदा नाही. कणकेचं थालीपीठ हाताला वेगळं लागतं म्हणून थापायचं कामही त्याच्याकडेच. (आकार आफ्रिकेच्या नकाशासारखे, पण तक्रार नाही.) रोज रात्री मी पोटाला दहापैकी मार्क द्यायचे.

निकाल? अ आणि ब मध्ये एका मार्काचाही नीट फरक नाही. पुढे आठवडाभर कांदा-लसूण भरपूर खाल्ला, तर तिसऱ्याच दिवशी पोटाचा नगारा. अर्थात ही दुसरी परीक्षा उघड्या डोळ्यांनी दिलेली, म्हणून तिला अर्धेच मार्क. पण तीन पोळ्यांनी मला काही होत नाही, एवढं आता माहीत आहे.

"एवढा खटाटोप कशासाठी? भाकरी काय वाईट आहे?" भाकरी मुळीच वाईट नाही, अजूनही रोज खाते. पण वर्ज्य करण्याची किंमत भाकरीपाशी थांबत नाही. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आत्याबाई मी येणार म्हटलं की गुडघे धरून माझ्यासाठी वेगळ्या भाकऱ्या करायच्या. होळीला पुरणपोळीच्या ताटासमोर मी भात कालवत बसायचे. हे सगळं एक वेळ चाललं असतं. पण माझी अकरा वर्षांची लेक एक दिवस डबा तसाच परत घेऊन आली आणि म्हणाली, "आई, मलापण पोळीने दुखतं." काही दुखत नव्हतं तिचं. तिला मी घास घेण्याआधी घाबरताना दिसत होते. खरा आजार असेल तर मुलांना हे शिकवावंच लागतं, तपासावंही लागतं, कारण सिलिअॅक घराण्यात चालतो. पण नुसत्या संशयाचा वारसा मला द्यायचा नव्हता.

आता महत्त्वाचं. ज्यांना सिलिअॅक असल्याचं सिद्ध झालंय त्यांनी "बघू या खाऊन" हा उद्योग कधीही करू नये, चिमूटभरसुद्धा नाही. गव्हाने अंगावर पित्त उठणं, ओठ सुजणं, दम लागणं असं होत असेल तर ती अॅलर्जी, तीही घरी तपासायची गोष्ट नव्हे. लहान मुलांवर स्वतःच्या मनाने प्रयोग नकोत. आणि तपासणी न करताच ज्यांनी गहू सोडलाय, त्यांनी डॉक्टरांना तसं स्पष्ट सांगावं. एक जनुकांची तपासणी गहू न खाताही होते. ती नकारात्मक आली तर सिलिअॅक जवळजवळ नाहीच. नाही तर काही आठवडे रोज ठरलेला गहू खाऊन मग रक्त तपासतात, डॉक्टरांच्या देखरेखीखाली.

बाकीच्यांना माझं एवढंच सांगणं आहे. पथ्य पाळायला निश्चय लागतो हे खरं, पण ते पथ्य आपल्याला लागतं का हे विचारायला जरा जास्त लागतो. उत्तर "हो, लागतं" असं आलं, तर मग आयुष्यभर खुशाल पाळा, कुणाची बिशाद आहे तुम्हाला आग्रह करायची!

असो. आई, आता याच विषयावर परत फोन करू नकोस. आणि रविवारी येतोय आम्ही, पोळ्या सगळ्यांच्याच कर. कोशिंबिरीत फक्त कांदा नको.